हजेरीत हजर, वर्गाबाहेर

शाळेनं मला फसवलं. दोन वर्षं माझ्या मुलीला वर्गाबाहेर बसवलं, हजेरीपटावर रोज हजर दाखवलं आणि मला सांगितलं, तुमची वैष्णवी घंटेची मॉनिटर झाली आहे. मी ते खरं मानलं. गावात पेढे वाटले.

मला फसवणं सोपं नाही. मी शेळ्यांचा व्यापारी आहे. दुसऱ्याच्या शेळ्या अर्धलीनं राखत, म्हणजे होतील त्या पिलांतली निम्मी आपली या बोलीवर, मी सुरुवात केली. आज ढोकीजवळच्या आमच्या गावापासून भूमपर्यंतचे बाजार करतो. दात बघून वय सांगतो, कास बघून दूध सांगतो. समोरचा खोटं बोलणार असेल तर त्यानं तोंड उघडायच्या आत मला कळतं. पण माझ्या स्वतःच्या नऊ वर्षांच्या पोरीला काय होतंय, ते मला कळलं नाही.

शाळेचं नाव इथं लिहीत नाही. वकिलानं लिहू नका म्हणून सांगितलं. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

लिहायला बसलो ते लातूरच्या दवाखान्यातल्या एका बाईमुळं. बाकावर शेजारी बसली होती. मांडीवर मुलगा, तो सारखा तिच्या बांगड्या ओढत होता. तिनं विचारलं, "दादा, तुमच्या लेकीला काय झालंय?" मला सांगता आलं नाही. बाजारात माझं तोंड कधी बंद पडत नाही, तिथं पडलं. त्या बाईला जे सांगायला हवं होतं, ते हे.

विसरलेला डबा

वैष्णवी एक दिवसाआड डबा विसरायची. त्या दिवशी जनावरांच्या साथीमुळं बाजार बंद होता, म्हणून डबा घेऊन मीच गेलो. शाळेची गाडी आमच्या गावापर्यंत येते, त्यामुळं वर्ष-वर्ष शाळेत पाऊल टाकायची वेळच येत नव्हती. वर्ग चालू होते. व्हरांड्यात भिंतीच्या घड्याळाखाली, घंटेशेजारी एका स्टुलावर माझी पोरगी बसली होती. पाय हलत होते, नजर घड्याळावर.

"पप्पा, आजून अकरा मिन्टं हायेत."

"वर्गात का न्हाईस?"

"माजी जागा हीच हाय की."

"मग शिकतीस कवा?"

"खिडकीतनं ऐकू येतंय थोडं थोडं."

झाडलोट करणाऱ्या मावशी हातातला खराटा टेकून कौतुकानं म्हणाल्या, "लई गुणी हाय हो. एक मिनिट इकडचं तिकडं होऊ देत न्हाय. पानी भरती, खडू आनून देती, झाडाला पानी घालती. तिच्याबिगर शाळा चालंना आमची."

खरं सांगतो, मला त्या वेळी बरंच वाटलं. पोरगी कामाची आहे, असं वाटलं.

घरी आल्यावर मात्र काहीतरी टोचायला लागलं. तिचं पुस्तक काढलं आणि वाच म्हटलं. पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीच्या मध्यात उठून दारातली कोंबडी हाकलायला गेली. परत आली आणि पुन्हा पहिलीच ओळ वाचायला लागली. तिसऱ्या वेळी माझा हात उठला. गालावर पाचही बोटं उमटली. ती रडली नाही. माझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडं बघत बसली. मला वाटलं, हिच्यात आत काहीतरी बंद पडलंय. मी शेतात, बाजारात, पोलीस ठाण्यात, कुठंच घाबरलेलो नाही. त्या दिवशी माझ्याच हाताला घाबरलो.

हेडमास्तर काय म्हणाले

"बसा," ते म्हणाले.

"बसायला आलो न्हाय."

"तुमचा राग कळतो मला. पण ती दर पाच मिनिटाला उठते. शेजारच्याची पेन्सिल घेते, खिडकीत जाते, मधेच बोलते. एका मुलीपायी सगळ्या वर्गाचं नुकसान करू का? घंटेचं काम दिल्यापासून ती खूष, वर्ग खूष."

"अन् मला का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं होतं. पहिल्याच पालकसभेत. मुलगी एका जागी बसत नाही म्हटलं, तर तुम्ही उभं राहून सगळ्यांसमोर म्हणालात, उभी राहत न्हाय ती शेळी तेज असती. लोक हसले. त्यावर आम्ही काय बोलायचं?"

मी तसं बोललो होतो. आमच्या धंद्यात ते पहिलं शिक्षण आहे. दाव्याला हिसके देणारी, कान टवकारणारी, चार दिशांना बघणारी शेळी घ्यायची. मान टाकून गप उभी असते ती आजारी. पोरीचं भिरभिरणं बघून मी मिशीला पीळ देत होतो. पण म्हणून त्यांनी तिला स्टुलावर बसवावं? एकदा सांगून माणसाला पटलं नाही तर दुसऱ्यांदा सांगावं. त्याला बोलावून वर्ग दाखवावा. यांनी प्रगतिपुस्तकावर लिहिलं, "जबाबदारीची जाणीव उत्तम."

मी टेबलावर हात आपटला. पेनस्टँड खाली पडला. वैष्णवी दारात होती. ती आत आली आणि एक एक पेन गोळा करून जागेवर ठेवायला लागली. तिला शाळेनं तेच शिकवलं होतं.

लातूर

दवाखान्यात न्यायचं माझ्या बायकोनं ठरवलं. सविताचं आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या माने बाईंशी बोलणं झालं होतं. बाई म्हणाल्या होत्या, आधी लातूरला मुलांच्या मनाच्या डॉक्टरांना दाखवा, मग काय ते ठरवा. हे ऐकून माझा मेहुणा दारात येऊन उभा राहिला.

"दाजी, येड्याच्या डाक्टरकडं नेऊ नगा. उद्या सोयरीक कोन करंल?"

सविता चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "दादा, ती नऊ वर्साची हाय. आदी वाचाया येऊ दे, मग सोयरीक बघू."

एसटीत कंडक्टरनं वैष्णवीला पहिल्या सीटवर, खिडकीशी बसवलं. दीड तास ती बाहेरचं सगळं सांगत होती. बैल, टाकी, ट्रॅक्टर, पुन्हा बैल. मी हो हो करत होतो आणि आत एकच विचार चालू होता. हिचा मेंदू बिघडला असंल तर?

डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या. त्यांनी वैष्णवीला बस म्हटलं नाही. "उभी राहूनच बोल, फिरलीस तरी चालेल," म्हणाल्या. तेवढ्या एका वाक्यावर सविताच्या डोळ्यांत पाणी आलं. मग प्रश्न सुरू झाले. जन्म कसा झाला, बोलायला कधी लागली, रस्ता ओलांडताना बघते का. मधेच मला विचारलं, "तुम्ही लहानपणी कसे होतात?"

"म्हंजे? मला काय झालंय?"

"तुम्ही आल्यापासून चार वेळा उठलात."

सविता तोंडाला पदर लावून हसली. मी पाचव्यांदा उठणार होतो, बसलो.

त्या दिवशी निदान झालं नाही. मॅडमनी दोन फॉर्म दिले. एक घरच्यांनी भरायचा, एक शाळेनं. मुलाचं लक्ष उडतं का, काम अर्धवट सोडतं का, जागेवरून उठतं का. कधीच नाही, कधी कधी, नेहमी, यापुढं खूण करायची. शाळेचा फॉर्म मी चिकटवलेल्या पाकिटात परत आणून दिला. मॅडमनी तो उघडला, आमचा फॉर्म शेजारी ठेवला आणि खुणा एकेक ताडून बघितल्या.

शाळेनं सगळीकडं "कधीच नाही" अशी खूण केली होती. लक्ष उत्तम, बैठक उत्तम, तक्रार नाही.

बैलाची शिंगं तासून वय लपवणारे मी पाहिलेत. त्यांना बाजारातून हाकलून काढतात. इथं माझ्या पोरीचं दुखणं तासून टाकलं होतं, शिक्का मारून. कारण खरं लिहिलं असतं तर दोन वर्षं काय केलं, ते लिहावं लागलं असतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही ठिकाणी त्रास दिसला पाहिजे, तरच मला ठामपणे सांगता येतं. जी शाळा खरं लिहील, अशा ठिकाणी तिला काही दिवस बसवा आणि परत या."

असे आमचे आणखी काही महिने गेले. त्या महिन्यांत आम्ही दोघं रात्रंदिवस एकच प्रश्न चघळत होतो, वेड आहे की काय आहे. सविताचं वजन उतरलं. मी बाजारात सौदा करताना आकडे विसरायला लागलो. वैष्णवीचं नाव काढून गावच्या शाळेत, माने बाईंच्या वर्गात घातलं. बाईंनी फॉर्म भरायला दोन आठवडे घेतले. रोज बघून भरला.

मग मॅडमनी नाव सांगितलं. एडीएचडी. लक्ष टिकत नाही, शरीर थांबत नाही, मनात आलं की लगेच घडतं. वेड नाही, मंदपणा नाही, आईबापांचं पाप नाही, आणि मारून जात नाही. शेवटचं त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं. त्या थपडेचं बोलायला मी सविताला मनाई केली होती, पण तिनं ते आधीच सांगितलं होतं.

मी म्हणालो, "किती दिवसांत बरी हुईल? सा म्हैने धरा."

"असं नाही सांगता येत."

"बरं, वर्स. वर्सात करा."

"दादा, इथं भाव होत नाही," मॅडम म्हणाल्या. "ती सुधारेल. तिच्याबरोबर राहायचं शिकावं लागेल, तुम्हाला आणि शाळेलाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा भाव तसाच घेतला.

माझी चूक

दुसऱ्याचं लिहिलं, आता माझं लिहितो.

मॅडमनी लक्ष टिकावं म्हणून गोळी लिहून दिली, ती सकाळी न्याहारीनंतर द्यायची होती. सुरुवातीला तिची भूक कमी झाली, ते मॅडमनी आधीच सांगितलं होतं. पण एका सकाळी मी गोठ्यातून आलो तर वैष्णवी ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. पाय हलत नव्हते. मान खाली. मी समोरून गेलो तरी वर बघितलं नाही. मी हाक मारली, तेव्हा सावकाश म्हणाली, "वाचू द्या की."

कुणालाही आनंद झाला असता. मला मात्र आजारी शेळी दिसली. मान खाली, हालचाल नाही, न्याहारी अर्धी टाकलेली. असं जनावर दुसऱ्या दिवशी उठत नाही, हे माझ्या हाडात बसलंय. मला वाटलं, औषधानं माझी पोरगी विझवली.

मी कुणाला विचारलं नाही. मॅडमचा नंबर मोबाइलमध्ये होता, लावला नाही. त्या दिवसापासून गोळी देण्याचं काम मी स्वतःकडं घेतलं आणि गोळी रोज शेणाच्या ढिगात टाकायला लागलो. सविताला वाटलं, बाप लक्ष घालतोय.

चौथ्या दिवशी दुपारी मधली सुट्टी झाली. हंगाम चालू होता, उसाच्या ट्रॉल्या शाळेवरून कारखान्याकडं जात होत्या. पोरं चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढतात, आम्हीही ओढायचो. बाकीची पोरं कडेला उभी राहून वाट बघत होती. वैष्णवी थांबली नाही. फाटकातून सरळ धावली आणि दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जोडाजवळ ऊस धरायला गेली. पाय घसरला. माने बाईंची किंकाळी मी गोठ्यात ऐकली. आमचं घर शाळेच्या समोरच आहे.

मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टर थांबला होता. मागच्या ट्रॉलीचं चाक आणि तिची वेणी यांच्यात एक वीत अंतर होतं. चालक खाली उतरून रस्त्याच्या कडेला ओकत होता. वैष्णवी उठून बसली, तिच्या हातात ऊस होता. मला म्हणाली, "पप्पा, मिळाला."

मी तिथंच धुळीत बसलो.

सविता घरी गेली, गोळ्यांची पट्टी बघितली, गोळ्या बरोबर कमी झाल्या होत्या. मग माझं तोंड बघितलं. वीस वर्षांच्या संसारात तिला माझं तोंड वाचता येतं.

"दिल्या व्हत्या का गोळ्या?"

मी शेणाच्या ढिगाकडं बोट केलं.

"शाळंनं तुमाला खोटं सांगितलं म्हनून टेबल आपटला तुमी. आता म्या काय आपटू?"

पुढचे बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. जेवण वाढायची, पण समोर बसायची नाही. मी स्वतः लातूरला गेलो आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या आणि योग्य तेच बोलल्या. विझल्यासारखी वाटली होती तर तेव्हाच फोन करायचा होता, मात्रा बदलता येते, वेळ बदलता येते. मात्रा त्यांनी कमी केलीही. आता ती वाचते, हसते, भाकरी खाते, आणि संध्याकाळी पूर्वीसारखी कोंबड्यांमागं पळते. वाचणाऱ्या भावांनो, हे एक माझ्याकडून फुकट घ्या. औषधाची भीती वाटली तर ती डॉक्टरसमोर मांडा. स्वतःच्या अकलेनं बंद करू नका. माझी अक्कल एक वीत अंतरावर आली होती.

रुमालाखाली

गोळी म्हणजे सगळं नाही, हे माने बाईंनी दाखवलं. त्यांनी वैष्णवीला पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवलं. एका वेळी एकच काम सांगायचं. दहा गणितांऐवजी तीन द्यायची, ती झाली की पुढची तीन. मधे उठायचा हक्क द्यायचा, पण चक्कर मारून परत वर्गातच यायचं. काम सांगून बाहेर कधीच पाठवायचं नाही.

एक अडचण राहिली. लक्ष उडालं की बाई नाव घेऊन हाक मारायच्या, सगळा वर्ग वळून बघायचा आणि पोरगी लाजेनं दप्तरात तोंड घालायची. बाईंनी मला विचारलं, "घरी तुम्ही काय करता?"

घरी मी ओरडतो, हे सांगायची लाज वाटली. तेवढ्यात बाजार आठवला. आमच्यात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हातात हात घेतात, बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही.

बाई हसल्या. "म्हणजे मी पोरीशी सौदा करू?"

"करून बगा. ती माजी लेक हाय, करंल."

आता असं चालतं. बाई शिकवत शिकवत तिच्या बाकाजवळ येतात, तिच्या हातावर हात ठेवतात. एक बोट दाबलं, माझ्याकडं बघ. दोन, राहिलं तिथून सुरू कर. वैष्णवीनंही दाबायचं. एक म्हणजे कळलं, दोन म्हणजे परत सांगा, सगळी बोटं म्हणजे मला उठायचंय. एकदा तिनं पाच दाबली, पाच मिनिटं फिरू द्या. बाईंनी दोन दाबली. तिनं चार. शेवटी तीनवर सौदा ठरला. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी गोठ्यात जाऊन एकटाच रडलो.

पण भीती गेलेली नाही. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला तिला बाहेर जावं लागणार. नवे मास्तर, नवा वर्ग, आणि त्यांनी तिला पहिल्या बाकावर ठेवायचं की कुठल्या कोपऱ्यात, ते तेच ठरवणार. माने बाई पाचवीला नसतील. मी सकाळी चूळ भरताना हाच विचार करतो, शेळीचे दात बघताना हाच विचार करतो.

पुन्हा त्या दारात

मॅडम म्हणाल्या, पुढच्या शाळेला सगळा इतिहास लेखी कळला तर बरं, म्हणजे ते तिला सुरुवातीपासून आधार देतील. म्हणून मी जुन्या शाळेत एक पत्र मागायला गेलो. यांनी दोन वर्षांत काय बघितलं, काय केलं, एवढंच खरं लिहून द्यावं. या वेळी मी बसलो. टेबलाला हात लावला नाही. सविता बरोबर होती.

हेडमास्तरांनी हजेरीपट काढून दाखवला. "बघा. सगळे दिवस हजर. आमच्या कागदावर तिला काही अडचण नव्हती. नव्हतं ते कसं लिहू?"

सविता म्हणाली, "सर, कागदावर न्हवती. पोरीत व्हती की."

ते घड्याळाकडं बघायला लागले. आम्ही उठलो.

बाहेर आलो तर सगळे वर्ग चालू होते, पाढ्यांचा आवाज येत होता. कुंपणापाशी एक सात-आठ वर्षांचं लेकरू हातात पाण्याचा डबा घेऊन झाडांना पाणी घालत होतं. एकाच झाडाला, तिसऱ्यांदा. गणवेश नवा होता. सविता त्याच्याजवळ वाकली.

"बाळा, तुजा वर्ग कंचा?"

"दुसरी."

"मग हितं काय करतूस?"

"सरांनी मला बागेचा मॉनिटर केलंय," ते अभिमानानं म्हणालं. "माज्या मम्मीला म्हायती हाय."

त्या मम्मीला काय माहिती आहे, ते मला माहिती आहे. ती बाई या वेळी कुणाच्या तरी शेतात खुरपत असेल आणि शेजारणीला सांगत असेल, माझं लेकरू मॉनिटर झालंय.

हेडमास्तर, वैष्णवीच्या दोन वर्षांचं उत्तर तुम्ही मला दिलं नाही. ते मी घेतल्याशिवाय राहणार नाही, पण ते थोडं थांबू दे. आधी या लेकराचं सांगा. आज त्याची हजेरी कुठं लावलीत? त्याच्या आईला काय सांगितलंत? आणि त्याला वर्गात कधी घेणार आहात? मला तारीख पाहिजे, लेखी पाहिजे, तुमच्या सहीनं पाहिजे.